वेगळ्या दाराने आलेली माणसे : मांजरा खोऱ्यातील पर्यावरण-नेतृत्वाचा मागोवा

मांजरा ही नकाशावर पाहिली तर चमत्कारिक वाटावी अशी नदी आहे. बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात ती उगम पावते. लातूर जिल्हा ओलांडून बिदरकडे जाते, तेलंगणात शिरते, तिथे वळण घेऊन उत्तरेकडे फिरते आणि नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर पुन्हा महाराष्ट्राला येऊन भिडते. शेवटी कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. हा सारा प्रवास सुमारे ७२४ किलोमीटरचा. लातूर आणि नांदेड हे शेजारचे जिल्हे नदीनेही जोडलेले आहेत, पण मध्ये दोन राज्ये घालून.

१९४८ पर्यंत हे खोरे बव्हंशी एकाच निजामी राज्यात होते. १९२३ ते १९३१ या काळात याच नदीवर निजामसागर बांधला गेला. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे बिदर जिल्ह्यातले तालुके मराठवाड्यात आले आणि नदी तीन राज्यांत वाटली गेली. तेव्हापासून तिच्या पाण्याचा विचार प्रत्येक राज्य आपापल्या हद्दीपुरता करत आले आहे. संपूर्ण नदीचा विचार करणे हे कोणाचेच नेमून दिलेले काम राहिले नाही.

मग ते कोणी केले? गेली काही वर्षे मी या खोऱ्यातल्या स्वयंसेवी संस्थांचे अहवाल, स्मरणिका आणि वृत्तपत्रांतली कात्रणे वाचतो आहे. माती, पाणी आणि झाडे यांसाठी इथे उभ्या राहिलेल्या संस्थांचे नेतृत्व कोणत्या माणसांनी केले, ती कुठून आली, लोकांनी त्यांना का मानले, हा माझा प्रश्न आहे. वाचता वाचता एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. यातल्या जवळजवळ कोणीही ‘पर्यावरणवादी’ म्हणून सुरुवात केलेली नव्हती. कोणी शाळा काढायला निघाले होते, कोणी दवाखाना, कोणी भूकंपात पडलेली घरे उभी करायला, कोणी शेतमालाला भाव मागायला. पाण्याने त्यांना आपल्याकडे ओढून आणले. या वेगळ्या दाराने येण्यातच त्यांची ताकद होती. त्यांच्या कामाची मर्यादाही त्याच उंबरठ्यावर ठरली, असे मला वाटते. या लेखात त्याच दोन गोष्टींचा विचार करायचा आहे.

शाळेचे दार

निजामी राजवटीत सार्वजनिक संस्था काढणे सोपे नव्हते. ‘गश्ती निशान ५३’ या कुप्रसिद्ध फर्मानामुळे परवानगीशिवाय सभा घेणेही गुन्हा ठरत असे. त्यामुळे पुण्या-मुंबईकडे एकोणिसाव्या शतकात जी संस्थात्मक घडी बसली, ती मराठवाड्यात बसायला हैदराबाद मुक्तिसंग्रामानंतरचा काळ उजाडावा लागला. मुक्तीनंतर इथल्या कार्यकर्त्यांनी सर्वांत आधी हाती घेतले ते शिक्षण. स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नांदेड एज्युकेशन सोसायटीचे पीपल्स कॉलेज १९५० मध्ये सुरू झाले. पुढे नरहर कुरुंदकर याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, हे वाचकांना ठाऊकच आहे. या पिढीच्या लेखी संस्था काढणे म्हणजे शाळा काढणे.

नांदेड जिल्ह्याच्या बिलोली तालुक्यातले सगरोळी हे तेलंगणाच्या सीमेलगतचे गाव. तिथे १९५९ मध्ये के. ना. तथा बाबासाहेब देशमुख यांनी संस्कृती संवर्धन मंडळाची स्थापना केली. परिसरातले लोक त्यांना कर्मयोगी म्हणत. शाळा, वसतिगृह, निराधार मुलांसाठी बालगृह असा हा पसारा वाढत गेला. पुढे धुरा त्याच घरातल्या प्रमोद देशमुख यांच्याकडे आली. मंडळाने कृषी विज्ञान केंद्र चालवायला घेतले, आसपासच्या गावांत पाणलोटाची कामे केली, शेतकऱ्यांच्या प्रशिक्षणाला सुरुवात केली.

शाळेतून शिवाराकडे जाण्याचे कारण कळायला फार खोल जावे लागत नाही. खेड्यातल्या वसतिगृहात मूल येते तेव्हा त्याच्या घरची शेतीही त्याच्यासोबत येते. पाऊस लांबला की हजेरी घटते. विहीर आटली की बाप ऊसतोडीला किंवा हैदराबादला जातो आणि मूल त्याच्यामागे जाते. फळ्यावर काय लिहायचे हे ठरवायच्या आधी बाकावर मूल बसायला हवे, आणि ते बसावे म्हणून त्याच्या बापाच्या विहिरीत पाणी हवे. ग्रामीण भागात शाळा चालवणारा माणूस हे गणित पहिल्या दुष्काळातच शिकतो. त्याला त्यासाठी पर्यावरणाचे वेगळे शिक्षण लागत नाही.

तो मोठा दुष्काळ १९७२ चा. त्या वर्षीच्या जूनमध्ये स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावरची पहिली जागतिक परिषद भरली होती आणि इंदिरा गांधी तिथे बोलल्या होत्या. त्याच वर्षी पाऊस रुसला आणि मराठवाड्यातली माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडू लागली. सुकडी आणि मिलो हे शब्द त्या पिढीच्या तोंडी कायमचे बसले. जगाला पर्यावरण हा शब्द सापडत होता आणि इथे त्याचा अर्थ लोक हातात घण घेऊन शिकत होते. त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली, पाझर तलाव, नाला बांध हे शब्द गावोगाव पोहोचले. त्याच दुष्काळापासून जमिनीत खोल छिद्र पाडून पाणी उपसायची वाटही रुंद झाली. हे दोन्ही वारसे एकाच वर्षाचे आहेत आणि आजवर ते एकमेकांशी भांडत आहेत.

दवाखान्याचे दार

पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. अशोक कुकडे आणि त्यांचे सहकारी १९६६ मध्ये लातूरला आले आणि त्यांनी विवेकानंद रुग्णालय सुरू केले. लातूर तेव्हा जिल्ह्याचे ठिकाणही नव्हते. उस्मानाबादपासून वेगळा लातूर जिल्हा झाला तो १६ ऑगस्ट १९८२ रोजी. कुकडे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या मुशीतले. त्याच खोऱ्यात वर अंबाजोगाईला डॉ. द्वारकादास लोहिया आणि लेखिका-प्राध्यापिका शैला लोहिया हे समाजवादी चळवळीतून आलेले दांपत्य. त्यांनी १९८२ मध्ये ‘मानवलोक’, म्हणजे मराठवाडा नवनिर्माण लोकायत, ही संस्था उभी केली. विचारांच्या दृष्टीने ही दोन टोके. पण खोऱ्याने दोघांनाही एकाच कामाला लावले. मानवलोकने बांधबंदिस्ती, नाल्यांवरचे बांध, पाणलोट विकास यांत वर्षानुवर्षे काम केले. कुकडे यांच्याकडे पाण्याचे काम आले ते पुष्कळ उशिरा, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर.

ते वर्ष २०१६. लातूर शहराला पाणी देणारे धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्च महिन्यात शहरातल्या पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचा हुकूम निघाला. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. दहा टाक्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्या गाडीची छायाचित्रे देशभर छापून आली.

त्याच दिवसांत लातूरकरांनी ‘जलयुक्त लातूर’ या नावाने एक सार्वजनिक व्यवस्थापन समिती उभी केली आणि तिचे नेतृत्व डॉ. कुकडे यांच्याकडे दिले. साई ते नागझरी या दोन बंधाऱ्यांच्या दरम्यान मांजरेचे सुमारे १८ किलोमीटर पात्र गाळ काढून खोल आणि रुंद करायचे, आणि तेही लोकवर्गणीतून, असा हा संकल्प होता. समितीत व्यापारी, वकील, डॉक्टर, उद्योजक होते. ज्यांचे राजकारण एकमेकांशी जुळत नव्हते असे लोकही होते. ‘आर्ट ऑफ लिव्हिंग’चे महादेव गोमारे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी घरणी नदीवर आधी असेच काम करून पाहिले होते; तो अनुभव कामाला आला. लहान-मोठ्या देणग्या आल्या, यंत्रे आली, भर उन्हाळ्यात काम उभे राहिले.

एका निवृत्तीच्या वयातल्या डॉक्टरकडे लोकांनी नदीचे पैसे का दिले असतील? माझे उत्तर असे आहे की पन्नास वर्षांत त्या रुग्णालयाने जे कमावले होते ते लोकांनी नदीच्या खात्यावर वळते केले. १९९३ च्या भूकंपात त्याच रुग्णालयात जखमींवर उपचार झालेले होते. जलतज्ज्ञ कदाचित नदीबद्दल अधिक जाणत असेल, पण वर्गणीच्या पावतीवर लोकांना हवे होते ते ओळखीचे, हिशेबाला चोख असलेले नाव. आपल्याकडे सार्वजनिक कामात ज्ञान नंतर येते. आधी माणूस ओळखीचा लागतो. कुकडे यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळाले ते वैद्यकीय सेवेसाठी, आणि ते योग्यच होते. नदीचे काम हा त्या सेवेचा शेवटचा अध्याय होता.

पडलेल्या भिंतींचे दार

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झाले होते. किल्लारी आणि परिसरातल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती, वर धाब्याचे ओझे, ही इथली परंपरागत घरे माणसांवर कोसळली. पुनर्वसनासाठी जागतिक बँकेचे कर्ज घेऊन शासनाने मोठा कार्यक्रम आखला. काही गावे नव्याने वसवायची होती, पण शेकडो गावांत घरे तशीच ठेवून त्यांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते. हे काम घरमालकाने स्वतः करायचे, शासन टप्प्याटप्प्याने पैसे देणार, अशी पद्धत होती.

या कामात गावकरी आणि शासन यांच्यामध्ये दुवा म्हणून बायकांना उभे करण्याची कल्पना मुंबईहून आलेल्या प्रेमा गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने लातूर-उस्मानाबाद भागात महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून तयार केले. ज्या बाईने तोवर तलाठ्यासमोर तोंड उघडले नव्हते ती अभियंत्याला विचारू लागली की भिंतीला बांधपट्टा कुठे घालायचा, सिमेंटची पोती किती लागतील, आणि दुसरा हप्ता अजून का आला नाही. नेतृत्वाचा हा वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरला होता, आणि त्यातून बाहेर पडलेल्या बायका पुढे बचतगट, आरोग्य, ग्रामसभा अशा वाटांनी पसरल्या.

या बायका पर्यावरणाकडे वळल्या त्या २०१२ नंतरच्या सलग दुष्काळांत. घरची सगळी जमीन सोयाबीन, कापूस, ऊस अशा नगदी पिकांखाली. पाऊस गेला की पीक गेले, आणि ज्वारी-डाळही बाजारातून आणायची. संस्थेने आणि बायकांनी मिळून एक साधी मागणी पुढे आणली: घरच्या जमिनीतला एक एकर बाईला कसायला द्या. त्या एका एकरात ती ज्वारी, बाजरी, मूग, उडीद, तूर, भाज्या असे घरात खायचे पीक घेईल, शेणखत-गांडूळखत वापरेल, मोजके पाणी देईल. २०१६ मध्ये ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. म्हणजे लातूरला पाण्याची रेल्वे आली त्याच वर्षी त्याच प्रदेशातल्या बायकांना शाश्वत जमीन-व्यवस्थापनासाठी जागतिक पुरस्कार मिळत होता. रेल्वे सर्वांना आठवते, पुरस्कार फारसा कोणाला आठवत नाही. तुळजापूर तालुक्यातल्या गोदावरी डांगे यांच्यासारख्या कार्यकर्त्या या कामातून पुढे आल्या. त्यांच्यावर एक चित्रकथाही निघाली आहे. प्रेमा गोपालन २०२२ मध्ये गेल्या.

या एका एकराला मराठी भूमीत एक जुना नातेवाईकही आहे. शरद जोशींनी शेतकरी संघटनेच्या मंचावरून ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम दिला होता, जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे करा, असे आवाहन त्यात होते. त्यांच्या ‘चतुरंग शेती’तला एक भाग होता ‘सीताशेती’. दोन्ही प्रयत्नांचा थेट संबंध होता असे मी म्हणत नाही. पण बाईच्या हाती जमीन गेली तर पीक बदलते, ही जाणीव या मातीत दोनदा, दोन वेगळ्या तोंडांनी बोलली गेली आहे.

बाजारभावाचे दार

शेतकरी संघटनेचा उल्लेख आलाच आहे, तर त्याच दारातून आलेला एक माणूस इथे घ्यायला हवा. औसा तालुक्यातल्या लोदग्याचे पाशा पटेल हे शरद जोशींच्या चळवळीतले बिनीचे वक्ते. पुढे ते भाजपमध्ये गेले, विधान परिषदेवर गेले, राज्य कृषी मूल्य आयोगाचे अध्यक्ष झाले. उभे आयुष्य सोयाबीन-तुरीच्या भावावर बोलण्यात गेले. गेली काही वर्षे मात्र ते बांबूवर बोलतात. लोदग्यात त्यांनी फिनिक्स फाउंडेशनतर्फे बांबूची लागवड आणि बांबूपासून फर्निचर अशी साखळी उभी केली. लातूर जिल्ह्यातले वनक्षेत्र एक टक्क्याहूनही कमी आहे. किनवट-माहूरच्या सागवानी जंगलामुळे नांदेडचा आकडा बरा दिसतो. लातूरला तो आडोसाही नाही. अशा जिल्ह्यात झाडाची भाषा बोलायची तर ती उत्पन्नाच्या भाषेत बोलावी लागते, हे भावासाठी लढलेल्या माणसाला चटकन कळते.

या मांडणीशी मतभेद असू शकतात. बांबूचे शेत म्हणजे जंगल नव्हे, आणि एका पिकाच्या जागी दुसरे पीक एवढ्यावर निसर्ग भागत नाही. तरी नेतृत्वाच्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते: ‘उसाऐवजी काय?’ हा प्रश्न त्यांनी शेतकऱ्यासमोर उघडपणे मांडला.

याच्या अगदी उलट स्वभावाचे काम ‘ग्रीन लातूर वृक्ष टीम’चे. शहरातली नोकरदार, व्यावसायिक, विद्यार्थी अशी माणसे दुभाजकांवर, मोकळ्या जागांवर झाडे लावतात आणि लावलेली झाडे जगवतात. इथे नेता असा फारसा दिसत नाही. दिसते ते वेळापत्रक. लावण्यापेक्षा जगवणे अवघड, आणि जगवण्यासाठी भाषणापेक्षा पाण्याची पाळी लागते, हे ज्यांनी ओळखले त्यांचे हे काम.

अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष

आतापर्यंत माणसांबद्दल लिहिले. पण नेतृत्व कागदावरही असते, आणि त्या कागदाचा इतिहास आपण क्वचित वाचतो. महाराष्ट्रात संस्था नोंदवायची तर १८६० च्या कायद्याप्रमाणे किमान सात माणसे लागतात. शिवाय १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद लागते. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष, सदस्य ही उतरंड तिथून येते. माणूस बदलला की बदल अर्ज द्यावा लागतो, हिशेब तपासून सादर करावे लागतात.

हे सात जण कोण असतात, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. पहिला संस्थापक, दुसरे-तिसरे त्याचे मित्र, मग एखादा वकील, एखादा सनदी लेखापाल, एखादा निवृत्त मुख्याध्यापक, आणि सातवे नाव बरेचदा घरातले. संस्थापक असेपर्यंत हे चालते, कारण सगळा डोलारा त्याच्या शब्दावर असतो. तो गेल्यावर मराठवाड्यातल्या संस्थांपुढे दोनच वाटा उरतात: घरातल्या पुढच्या पिढीने जबाबदारी घ्यायची, नाहीतर संस्था नावापुरती उरायची. घराण्याच्या वाटेला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. सगरोळीसारख्या आडगावी साठ-पासष्ट वर्षे संस्था टिकते, वाढते, ती त्या वाटेनेच. पण ज्या वाटेवर तिसरी सोय नाही तिला निवड म्हणता येत नाही. मांजरेच्या काठच्या गावातली, कोणाच्या घरातली नसलेली, पंधरा वर्षे पाणलोटावर काम केलेली एखादी कार्यकर्ती अध्यक्ष झाल्याची उदाहरणे आपल्याला बोटांवर मोजावी लागतील.

२०१३ च्या कंपनी कायद्याने या कागदात आणखी एक पान जोडले. ठरावीक मर्यादेपलीकडच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावेत, असा हा नियम १ एप्रिल २०१४ पासून लागू झाला आणि पर्यावरणाचा समावेश त्या कामांच्या यादीत झाला. त्यामुळे पैसा आला, कामे झाली. पण संस्थेला लागणारा माणूसही बदलला. पूर्वी गावात रात्री मुक्कामी राहणारा कार्यकर्ता संस्थेचा चेहरा असे. आता प्रस्ताव लिहिणारा, छायाचित्रांसह अहवाल वेळेत पाठवणारा माणूस आधी लागतो. खोदलेला तलाव मोजता येतो, उकरलेला गाळ घनमीटरमध्ये सांगता येतो. गावाने बोअर न घेण्याचा ठराव केला आणि पाळला, हे मात्र कोणत्या रकान्यात भरायचे?

सर्वांच्या विश्वासाची किंमत

आता पुन्हा २०१६ कडे जाऊ. त्या वर्षी सप्टेंबरात दमदार पाऊस झाला, मांजरा धरण भरले. रेल्वे त्याआधीच थांबली होती. खोल केलेल्या पात्रात पाणी उभे राहिलेले लातूरकरांनी डोळे भरून पाहिले, आणि तो आनंद खोटा नव्हता. पण अवघ्या तीन वर्षांत, २०१९ मध्ये, धरण पुन्हा तळाला गेले. त्या वर्षी लातूरमध्ये गणेशमूर्तींचे विसर्जन करायलाही पाणी नव्हते. अनेकांनी मूर्ती विसर्जित न करता सुपूर्द केल्या. १९९३ मध्ये ज्या विसर्जनाच्या रात्री भूकंप झाला होता, त्या विसर्जनालाच पाणी उरले नाही.

या तीन वर्षांचा अर्थ कसा लावायचा? पात्र खोल केल्याने साठा वाढतो, पण तो साठा किती दिवस पुरेल हे ठरते वरच्या शिवारात काय पिकते यावर. एक हेक्टर उसाला साधारण दोन कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे पाच लाख लिटरची ती पहिली रेल्वे चाळीस वेळा आली असती तेव्हा एक हेक्टर ऊस निघाला असता. पावसाचे मान सातशे-आठशे मिलिमीटरच्या घरात असलेल्या या प्रदेशात हे गणित किती काळ चालेल, हे सांगायला मोठा तज्ज्ञ लागत नाही. तरी तज्ज्ञांनी सांगितलेले आहेच. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्येच तुटीच्या खोऱ्यांत ऊस नको, असे सुचवले होते. नदी-नाले खोल करण्याच्या बेसुमार पद्धतीवर अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा न्यायालयात गेले, आणि शासनाला माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. या खोऱ्याचे प्रश्न अज्ञात नाहीत. ते सर्वांसमोर मोठ्याने विचारण्याचे काम मात्र कोणी अंगावर घेत नाही.

वेगळ्या दाराने येण्याची मर्यादा इथे दिसते. डॉक्टरवर, शिक्षकावर सर्वांचा विश्वास असतो, कारण त्याने सर्वांची सेवा केलेली असते. वर्गणी देणाऱ्यांत कारखान्याशी जोडलेले असतात, उसाचे बागायतदार असतात, बोअरच्या यंत्रांवर पोट असणारे असतात. पात्राच्या बाजूने उभे राहायला सगळे एकत्र येतात, कारण गाळ कोणाचाच नसतो. ऊस कोणाचा तरी असतो. वाळू कोणाची तरी असते. बिलोली-देगलूरकडे मांजरेच्या वाळूला दूरदूरच्या बाजारांतून मागणी आहे. लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बजावले. तरी नदीकाठच्या एखाद्या गावातल्या शिक्षकाने वाळूविरुद्ध बोलायचे ठरवले तर त्याला कोणत्या धाडसाची गरज पडते, हे त्या भागात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. सर्वांचा विश्वास ही मोठी पुंजी आहे, पण ती खर्च करायची वेळ आली की माणूस कचरतो, कारण एकदा बाजू घेतली की ‘सर्वांचा’ हा शब्द गळून पडतो.

म्हणून मला या साऱ्या इतिहासात एका एकराच्या बायका वेगळ्या वाटतात. पीक कोणते, हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि तोही व्यासपीठावर नाही, स्वतःच्या घरात, नवऱ्याला आणि सासऱ्याला. तिथे विचारणे व्यासपीठापेक्षा अवघड असते. त्यांच्या नावावर जमीन नव्हती, हाती सर्वांचा विश्वास नव्हता, पद्म पुरस्कारांच्या यादीत त्यांचे नाव येणार नव्हते. गमावण्यासारखी प्रतिष्ठा नसल्यामुळे असेल कदाचित, त्यांना तो प्रश्न विचारता आला. एक एकर हा आकडा छोटा आहे आणि त्याने खोऱ्याचा ताळेबंद बदलत नाही, हे खरे. पण पाण्याच्या पुरवठ्याऐवजी पाण्याच्या मागणीला हात घालणारे नेतृत्व या खोऱ्यात त्यांच्या रूपाने दिसले.

आधीच्या पिढीच्या कामाला यामुळे उणेपण येत नाही. बाबासाहेब देशमुखांनी शाळा काढली नसती तर बिलोलीच्या शिवारात बांध घालायला विश्वासाची माणसे कुठून आली असती? रुग्णालयाने पन्नास वर्षे कमावलेले नाव नसते तर नदीसाठी वर्गणीच्या पावत्या कोणी फाडल्या असत्या? लोहिया दांपत्याने माणसे घडवली नसती तर अंबाजोगाईच्या माळावर चर कोणी खणले असते? त्या पिढीने विश्वास उभा केला. तो कोणत्या कामी लावायचा, हे पुढच्या पिढीला ठरवायचे आहे.

त्या दृष्टीने मला दोनच गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, या संस्थांनी आपल्या सात नावांत दोन-तीन जागा तरी अशा माणसांसाठी राखाव्यात ज्यांच्या घरचे पाणी पहिल्यांदा आटते: कोरडवाहू शेतकरी, शेतमजूर बाई, ऊसतोडीला जाणारे कुटुंब. सल्लागार म्हणून नव्हे, मताचा अधिकार असलेले विश्वस्त म्हणून. दुसरी, नदीचे काम करणाऱ्या प्रत्येक समितीने किती गाळ काढला याच्या शेजारी आणखी एक आकडा दरवर्षी जाहीर करावा: आपल्या पाणलोटात या वर्षी ऊस किती आणि नव्या बोअर किती. आकडा जाहीर करणे म्हणजे कोणावर आरोप करणे नव्हे. पण तो दरवर्षी त्याच चौकात, त्याच फलकावर लागला की विश्वासू माणसाला बाजू घेण्याचे धाडस एकट्याच्या अंगावर घ्यावे लागणार नाही. फलकच ते काम करील.

मांजरा अजूनही पाटोद्यातून निघते, दोन राज्ये फिरून नांदेडच्या सीमेवर येते. तिच्या वरच्या अंगाला अडवलेले आणि उपसलेले पाणी खालच्या अंगाला पोहोचत नाही. लातूरच्या समितीला सगरोळीचा शिवार दिसत नाही आणि सगरोळीच्या मंडळाला धनेगावचा सांडवा. या खोऱ्याने शाळेसाठी माणसे दिली, दवाखान्यासाठी दिली, भूकंपासाठी दिली. संपूर्ण नदी डोळ्यांसमोर ठेवून बोलणारी आणि त्यासाठी चार माणसांचा रोष पत्करणारी माणसे त्याच मुशीतून यायची आहेत. ती येतील तेव्हाही बहुधा कुठल्या तरी वेगळ्याच दाराने येतील. आपण फक्त त्यांना सात नावांत जागा ठेवली पाहिजे.